चाळीस मिनिटं

"डोळे मिटा," घंटाबाई म्हणाली आणि मी एकच मिटला.

घंटाबाई हे नाव मी ठेवलेलं. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. सकाळी आठला सात-आठ म्हाताऱ्यांना हॉलमध्ये गोल बसवते, वाटीएवढी घंटा वाजवते आणि सांगते, आता या क्षणात या. बरोबर चाळीस मिनिटं. फुकट आहे म्हटल्यावरच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

"आजी, विचार आला तर येऊ द्या, गेला तर जाऊ द्या. जुनं सगळं सोडायचं."

"जुनं सोडलं तर माझ्याकडे उरतं काय? गुडघे?"

शेजारी बसलेला निवृत्त दंतवैद्य झोपेतच हसला. तो दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागतो. घंटाबाई त्यालाही छान म्हणते.

खरं सांगायचं तर शांततेवर माझा भरवसा नाही. एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. एका ओळीत आम्ही बारा जणी, कानाला हेडफोन, पुढ्यात वायरींचं जंगल. बाकीच्या अकराही जणींचे आवाज मला आज वेगवेगळे ऐकू येतात, त्यातल्या नऊ जणी गेल्या तरी. तिथे पहिल्याच आठवड्यात कळायचं, की लाइनला आपली खरखर असते. ती मध्येच दबली, तर समजावं, तिसरं कुणीतरी ऐकतंय.

घरातली खरखर महिन्याभरापूर्वी दबली.

आधी मुलगा टेप घेऊन माझ्या खोलीत आला आणि भिंत मोजायला लागला.

"काय रे?"

"काही नाही गं. कपाट बघतोय."

कपाट एवढं समोर उभं, त्याला बघायला टेप कशाला? समोरच्या दारातल्या मुख्याध्यापिकाबाईंचीही खोली अशीच मोजली होती. मग 'थोडे दिवस हवापालट' म्हणून त्यांना कुठेसं नेलं. आता त्या खोलीत नातवाचा कॉम्प्युटर आहे आणि हवापालट चौथ्या वर्षात आहे.

टेपनंतर आठच दिवसांनी सूनबाईंचं सुरू झालं. "आई, जाऊन तर बघा वर. झोप लागत नाही म्हणता ना? मन शांत होतं म्हणे."

"माझं शांतच आहे. तुम्ही आवाज करता."

"अगं जा ना," मुलगा बूट घालता घालता म्हणाला. "घरात बसून काय करतेस?"

"घरात बसते."

पण गेले. नाही म्हटलं असतं तर हट्टी ठरले असते, आणि हट्टी म्हातारीला घरातून हलवणं सोपं असतं. रोज पावणेआठला सूनबाई माझ्या चपला दाराशी, तोंड बाहेर करून, नीट मांडून ठेवायची. मंगळवारी ती बहिणीशी फोनवर बोलताना मी ऐकलं. "त्या वर गेल्या की चाळीस मिनिटं मिळतात..." मला पाहिलं आणि पुढचं गिळलं.

चाळीस मिनिटांत काय होत नाही? कुणी येऊन खोली बघून जातं. कागद होतात.

म्हणून पाचव्या दिवशी, बरोबर अठराव्या मिनिटाला, मी घंटाबाईला करंगळी दाखवली आणि बाहेर पडले. चपला हातात घेऊन दोन मजले उतरले. किल्ली माझ्याकडे होती. दार बोटभर उघडलं.

आत आवाज नव्हता.

दोन्ही टोकांना हॅलो झालं की ऑपरेटरनं बटण वर करून लाइनमधून बाहेर पडायचं, हा आमचा नियम. तो कधीच मोडला नाही असं सांगणारी ऑपरेटर खोटारडी. मी मान आत घातली.

सूनबाई माझ्या खुर्चीत बसली होती. खुर्ची खिडकीकडे वळवलेली, पाय स्टुलावर. हातात चहाचा कप. फोन नाही, रेडिओ नाही, मांडीवर निवडायला काही नाही. दुसरं कुणीच नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि पायाची बोटं हळूहळू हलवत होती. अकरा वर्षांत मी तिला खुर्चीच्या कडेला बसलेली पाहिलंय, माझ्या हाकेला उठायच्या बेतात. अशी टेकलेली कधी नाही.

माझ्या तोंडात 'अगं' तयारच होतं. दिवसातून किती वेळा म्हणत असेन मी ते?

दार ओढून घेतलं.

वर परत जाववेना. जिन्याच्या पायरीवर बसले. वीस मिनिटं काढायची होती. पायरी गार होती. खालच्या घरात कुणी बाळाला आंघोळ घालत होतं. ते आधी रडलं, मग पाण्यावर हात आपटत हसलं. कठड्याचा रंग उडालेला, खाली जुना हिरवा दिसत होता. इतकी वर्षं हात धरून चढले, कधी पाहिला नव्हता. त्या टेपबद्दल मात्र मी अजून निश्चिंत नाही, तेव्हाही नव्हते.

दंतवैद्य डोळे चोळत खाली आला. "काय आजी, पळालात?"

"वेळ झाली का?"

"घंटा झाली. म्हणून तर उठलो."

मी चपला घातल्या, जिन्यावर मुद्दाम फटाफटा वाजवल्या, दोनदा खोकले. किल्ली असूनही बेल वाजवली आणि थांबले. आत लगबग ऐकू आली, कप विसळल्याचा आवाज आला. मग दार उघडलं.

"या आई. कसं वाटलं आज?"

"बरं वाटलं," मी म्हटलं. "उद्यापासून पूर्ण तासभर बसायचंय."

"तासभर?" तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मी चपला काढण्यात गुंतले. तेवढ्यात तिचं लक्ष खिडकीकडे वळलेल्या खुर्चीकडे गेलं आणि ती सरळ करायला धावली.

"राहू दे," मी म्हटलं आणि स्टुलावर बसले.