कपाळावरचा माइक

तांदळाच्या दाण्याएवढा एक माइक. सुरेख. कालपासून मेलेला.

दुसरा, रबरात गुंडाळलेला, वाटाण्याएवढा. पाण्यात बुडवा, जमिनीवर आपटा, ढिम्म.

तीन केस. एक सुई.

पैलवानाचं कपाळ: नळ सोडल्यासारखं.

"दार उघडंच ठेवलंय."

हे शेवटचं वाक्य नाटकातलं आहे. घर सोडून गेलेल्या मुलीला बाप ते कुजबुजून सांगतो आणि पडदा पडतो. बापाचं काम पैलवान करतो. पैलवान हे टोपणनाव, पण देह खरा. दुसऱ्या अंकात तो पायऱ्यांवरून आठ वेळा धावतो. घाम केसांतून उतरतो, वायर धरतो आणि थेट माइकच्या तोंडात. कालच्या तालमीत असाच एक दाणा खर्ररर करून गेला.

आज सहाला पहिला प्रयोग. आत्ता तीन वाजलेत.

"जाडा लाव," दिग्दर्शक म्हणाला.

आवाजवालीनं (नाट्यगृहात तिला हेच म्हणत) जाडा लावला, हेडफोन कानावर ठेवला. "बोला, पैलवान."

पैलवान कुजबुजला. वाक्य आलं, पण घोंगडीखालून आल्यासारखं. श्वास नाही, ओठ सुटल्याचा तो बारीकसा आवाज नाही. बापच नाही!

"सर, हा माणूस नाही वाटत. उद्घोषणा वाटते."

"मग कुजबूज आधीच रेकॉर्ड कर. वेळ आली की वाजव."

दीड महिना तिनं याच वाक्यासाठी प्रेक्षागृहातली खुर्ची न् खुर्ची बसून तपासली होती, कुजबूज तिथवर पोचते का म्हणून. आता ते बटण दाबून वाजवायचं? आणि पैलवान नुसते ओठ हलवणार?

"दाणा शेवटचा एकच उरलाय, सर. चार वाजेपर्यंत द्या मला. तो घामात टिकला तर तोच."

"नाही टिकला तर?"

"तर रेकॉर्ड."

ती पैलवानाला घेऊन धावत खाली गेली. केसांच्या टोपांच्या खोलीत तिच्या सासूबाई बसलेल्या. याच नाटकाचे टोप त्या विणत होत्या, जाळीत एकेक केस गुंतवत.

"आई, घाम थांबवायचाय!"

"घाम कुणाच्या बापाला थांबलाय?" सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "दाखव."

जाडा काढून तिनं लावलेला दाणा पैलवानाच्या केसांच्या रेषेखाली लोंबत होता. सासूबाईंनी वायरीवर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब सुळकन माइककडे निघाला.

"अगं, तू त्याला रस्ताच करून दिलायस! टोपातून घाम डोळ्यांत उतरू नये म्हणून आम्ही काय करतो? त्याला दुसरी वाट देतो."

माइकच्या बोटभर वर त्यांनी टोपाच्या सुईनं तीन केस वायरीला गाठ मारून बांधले आणि टोकं कानाकडे मोकळी सोडली. पुन्हा थेंब. तो गाठीपाशी आला, अडला, केसांवर वळला आणि कानामागे टपकला.

आवाजवाली ओरडलीच. "आई!"

"कानात ओरडू नकोस. पैलवानाला पळव."

पैलवान पळाला. आठ नाही, वीस वेळा.

"वहिनी, माझा जीव जाईल!"

"माइकचा जात नाही ना, तोवर पळा!"

सासूबाई मागे टाळ्या वाजवत होत्या. पैलवान घामानं निथळत होता, गळ्याशी सदरा पिळता आला असता. गाठीवरून थेंबामागून थेंब कानाकडे वळत होते. तिनं हेडफोन घट्ट दाबला.

"बोला!"

श्वास. ओठ. मग वाक्य, इतकं जवळून की तिनं मागे वळून पाहिलं.

चार वाजायला पाच मिनिटं होती. दिग्दर्शकानं हेडफोन काढून घेतला, ऐकलं, परत दिला. "रेकॉर्ड करू नकोस," एवढंच म्हणाला.

सहा. घंटा. पहिला अंक. दुसरा, पायऱ्या, एक, दोन, आठ! तिची बोटं बटणांवर. खर्र नाही. अजून नाही. शेवटचा प्रवेश. मुलगी उंबऱ्यात. आवाजवालीनं पैलवानाचा आवाज केसभर वर नेला.

"दार उघडंच ठेवलंय."

शेवटच्या रांगेतल्या एका बाईनं रुमाल काढला. आवाजवालीनं आपल्या खोलीच्या काचेतून ते पाहिलं आणि एकटीच, बंद खोलीत, दोन्ही हात वर करून नाचली.

गाठीचे तीनही केस सासूबाईंनी दुपारी स्वतःच्या अंबाड्यातून उपटले होते.