गालावरची झीज

घरात तिला धाकटी म्हणत, कापड गिरणीत सगळे 'भिंग' म्हणायचे. पंधरा वर्षं ती तपासणीच्या टेबलाशी उभी होती. खालून उजेड, वरून सरकणारं कापड, आणि त्यातला सुटलेला धागा, गाठ, तेलाचा ठिपका शोधून खडूनं खूण करायची, एवढंच काम. गिरणीला टाळं लागलं तेव्हा तिनं नुकतीच चाळिशी ओलांडली होती. घरी बसल्यावर पहिल्याच महिन्यात तिनं पडद्यांत, चादरींत, नवऱ्याच्या शर्टांत इतके दोष काढले की बंदरावर क्रेन चालवणारा तो साधा माणूस म्हणाला, आता फक्त माझ्याकडे बघू नकोस म्हणजे झालं.

घराच्या मागच्या खोलीत, उत्तरेकडच्या खिडकीखाली, सासऱ्यांचं टेबल होतं. जुन्या नाण्यांची प्रत ठरवणं हा त्यांचा उद्योग. संग्राहक आपली नाणी कागदी पाकिटांत घालून पाठवत. नाणं किती झिजलंय, कुणी धुतलंय का, घासलंय का, हे सासरे पाहत आणि प्रत लिहीत. मग नाणं पारदर्शक डबीत बंद करून वर सहीची चिठ्ठी चिकटवीत. ती सही असली की दोन अनोळखी माणसं घासाघीस न करता नाण्याची अदलाबदल करत, इतका तिचा मान.

एक दिवस ते म्हणाले, "सूनबाई, तुझी नजर पडद्यांवर वाया चाललीय. उद्यापासून इथं बस."

पहिला आठवडा तिनं नाणं नुसतं धरायला शिकण्यात घालवला. दोन बोटांनी, कडेनं, खाली मऊ कापड अंथरून. नाण्यावर वाकून बोलायचं नाही, थुंकीचा कण उडाला तर वर्षभरानं तिथं डाग उमटतो. भिंगाला तर त्यांनी तिला हातच लावू दिला नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी बघ, म्हणायचे, भिंग लावलं की प्रत्येक नाणं म्हातारं दिसतं.

मग दिव्याखाली नाणं तिरकं करून हळूहळू फिरवायचं. जे कधी कुणाच्या खिशात गेलंच नाही त्या कोऱ्या नाण्यावर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. वापरात गेलं की आधी उंचवटे झिजतात. राजाचा गाल, भुवई, कानावरचे केस. तिथं उजेड अडतो, करडा होतो. आणि कुणी हौसेनं चकाकवलं असेल तर एकाच दिशेनं गेलेल्या बारीक, केसाहून बारीक रेषा दिसतात. अशा नाण्यावर 'धुतलेलं' असा शेरा पडायचा. एरवी प्रती सहा: झिजलेलं, साधारण, चांगलं, उत्तम, अतिउत्तम आणि कोरं. दोघं एकाच नाण्याची प्रत वेगवेगळ्या कागदांवर लिहीत आणि मग कागद शेजारी ठेवीत. पहिल्या महिन्यात दोघांचं दहात तीनदा जुळायचं. सहाव्या महिन्यात दहात नऊदा जुळू लागलं. सासरे तोंडानं कौतुक करणाऱ्यातले नव्हते, पण खुर्चीला त्यांनी उशी शिवून आणली.

न जुळणारं दहावं नाणं बहुतेक वेळा चष्मेवाल्यांचं असायचं.

चष्मेवाले म्हणजे पेठेतल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक, सासऱ्यांचे जुने स्नेही आणि हौशी संग्राहक. त्यांचं एक चांदीचं नाणं तिच्या डोळ्यांत खुपलं. राजाच्या गालावर सपाट, मंद पट्टा होता. तिनं 'अतिउत्तम' लिहिलं. सासऱ्यांनी 'कोरं' लिहिलं होतं.

"बाबा, गाल झिजलाय की हा."

"झिजला नाही. ठसा हलका बसलाय. टाकसाळीतूनच असं आलंय." त्यांनी तिला समजावलं, की झिजलेल्या जागी धातूचं अंग मरतं. ठसा हलका असेल तर जागा सपाट असते पण अंग जिवंत असतं. तिनं पाहिलं, पुन्हा पाहिलं. तिला ते अंग मेलेलंच दिसलं. मनात शंकेची पाल चुकचुकली.

त्यानंतर चष्मेवाल्यांच्या प्रत्येक पाकिटाकडे ती वेगळ्या नजरेनं बघू लागली. त्यांच्या पाच नाण्यांपैकी चारांवर सासऱ्यांची प्रत तिच्यापेक्षा एक पायरी वरची. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असं होत नव्हतं. मुख्याध्यापिकाबाईंच्या नाण्यांवर तर दोघांचं अगदी एकमत व्हायचं. त्या निवृत्त बाई स्वतः यायच्या, दारातच चपला नीट लावायच्या, धाकटीची चौकशी करायच्या, शिकतेस ते छान करतेस म्हणायच्या. त्यांचं पाकीट उघडताना तिला बरं वाटायचं.

आणि चष्मेवाले दर गुरुवारी दुपारी यायचे, हातात चामडी बॅग. आले की मागच्या खोलीचं दार लागायचं. अर्धा तास. एरवी ते दार कधीच लागत नसे. एका गुरुवारी ती बोळात कपडे घडी करत होती, निदान हातात कपडे होते. दाराखालच्या फटीतून दिवा लागताना, विझताना, पुन्हा लागताना दिसला. आतून सासरे म्हणाले, अजून किती दिवस चालेल हे? चष्मेवाल्यांचा आवाज आला, कुणाच्या लक्षात यायच्या आधी थांबलेलं बरं.

तिच्या हातातला टॉवेल तिसऱ्यांदा घडी झाला.

तिनं नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. त्यानं घास खाली ठेवला. माझ्या बापानं उभ्या जन्मात कुणाचं खोटं केलं नाही, म्हणाला. मग हात धुताना म्हणाला, पण दार लावून बसायचं काय कारण? म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय हे त्यालाही वाटलं. तिला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटली.

त्याच सुमारास संग्राहकांचं प्रदर्शन ठरलं. एकाच राजाची, एकाच मापाची चांदीची नाणी मांडायची होती. सगळ्यांची मिळून बेचाळीस नाणी सासऱ्यांच्या कपाटात आली. दोघांनी प्रती लिहिल्या होत्या, डब्या मात्र शेवटी एकदमच बंद करायच्या होत्या. तिला सोक्षमोक्ष लावायची संधी दिसली. ती सासऱ्यांना म्हणाली, बाबा, प्रदर्शनाचं काम आहे, नाव न बघता सगळी एकदा पुन्हा तपासू या का? पाकिटांवर नुसते आकडे घालते.

ते लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच, की तिला त्यातही काळंबेरं वाटलं.

नाणी कोऱ्या पाकिटांत घालायला तिनं नवऱ्याची मदत घेतली. यादी ती स्वतःजवळ ठेवणार होती, पण तो म्हणाला, "अगं, तूही बघणार आहेस ना? मग यादी माझ्याकडे राहू दे." क्रेनच्या दांड्या धरून राठ झालेल्या बोटांनी त्यानं बेचाळीस पाकिटं पिसली आणि यादी डबा न्यायच्या पिशवीत घालून कामाला गेला.

दोन सकाळी त्यात गेल्या. ढगांमागचा उजेड, म्हणजे नाणी बघायला उत्तम. दोघं पाठीला पाठ लावून बसले, पाकीट इकडून तिकडे सरकत राहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा आला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिनं त्याच्या यादीशी नव्याजुन्या प्रती लावून पाहिल्या.

सासऱ्यांच्या बेचाळीस प्रती दोन्ही वेळा तंतोतंत एक होत्या.

तिच्या अकरा बदलल्या होत्या. त्यातली नऊ नाणी चष्मेवाल्यांची होती, आणि नावाशिवाय पाहिल्यावर त्या नऊही नाण्यांना तिनं सासऱ्यांनीच दिलेली प्रत दिली होती. गालावर सपाट पट्टा असलेलं नाणंही त्यात होतं. तिच्याच अक्षरात पुढे लिहिलं होतं, ठसा हलका, कोरं. म्हणजे इतके दिवस ती राजाचा गाल बघतच नव्हती, पाकिटावरचं नाव बघत होती. नवऱ्यानं ओट्यावरची यादी घडी करून ठेवली.

उरलेली दोन नाणी मुख्याध्यापिकाबाईंची. पहिल्यांदा दोघांनी त्यांना कोरं म्हटलं होतं. आता तिनं दोन्हींवर 'धुतलेलं' लिहिलं होतं. सासऱ्यांनी पुन्हा कोरंच. आधी तिचं का चुकलं, हे कळायला तिला फार विचार करावा लागला नाही. बाई गोड बोलत, म्हणून तिनं तिरकं धरून नीट बघितलंच नव्हतं. पण सासऱ्यांना बाईंचं काही घेणंदेणं नव्हतं. मग त्यांना ते का दिसलं नाही?

ती नाणं घेऊन मागच्या खोलीत गेली. दिवा लावला, नाणं तिरकं धरलं.

"या रेषा, बाबा. कानापासून हनुवटीकडे, सगळ्या एकाच दिशेनं."

ते वाकले. त्यांनी नाणं आपल्या हातात घेतलं, फिरवलं, भिंग लावलं, भिंग डोळ्यापासून दूर नेलं, पुन्हा जवळ आणलं.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

तिनं टाचणीच्या टोकानं, न टेकवता, दिशा दाखवली. ते पुन्हा बघू लागले. मग त्यांनी नाणं कापडावर ठेवलं आणि दिवा मालवला.

अंधारातच त्यांनी सांगून टाकलं. चष्मेवाले दर गुरुवारी त्यांचे डोळे तपासायला येत होते. डोळ्यांच्या आतल्या पडद्यात काहीतरी झिजत चाललं होतं. नाव कठीण होतं, उपाय नव्हता. मोठं सगळं स्पष्ट दिसायचं, ठसा, उंचवटे, झळाळी, पण केसाहून बारीक असेल ते हळूहळू पुसलं जात होतं. नजर अजून वर्षभर साथ देईल असं आधी वाटलं होतं. म्हणून तर तिला टेबलाशी बसवलं होतं. मुलाला सांगितलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी काम बंद करायला लावलं असतं, म्हणून दार लावून घ्यायचं.

मग तिनंही सांगितलं. बोळातलं उभं राहणं, दाराच्या फटीतला दिवा, आकड्यांची पाकिटं कशासाठी काढली ते, सगळं. ते ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "आकडे म्हणालीस तेव्हाच कळलं होतं मला. म्हटलं, बघू दे."

पण दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. पाणी हवं असलं तरी स्वतः उठायचे. तिसऱ्या दिवशी चहा घेता घेता त्यांनी जुनी नोंदवही तिच्यापुढे सरकवली. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या सहीनं गेलेलं प्रत्येक नाणं परत मागवायचं होतं. पत्रं तिनं लिहायची, कारण खरं ते लिहायचं, आडपडदा नाही.

नाणी येऊ लागली. तीनशेच्या वर पाहिली, एकोणीस प्रती बदलल्या. काही लोकांनी सासऱ्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करणारी पत्रं लिहिली. काहींनी मात्र दुसराच अर्थ काढला. म्हाताऱ्याला आंधळा ठरवून सुनेनं टेबल बळकावलं, असं प्रदर्शनाच्या दिवशी तिच्या पाठीमागे कुणीतरी म्हणालं, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. ती वळली नाही. वळून सांगणार काय होती? सहा महिन्यांपूर्वी तीही बोळात उभी होती.

बाईंकडे मात्र ती प्रदर्शनाआधीच, स्वतः गेली होती. दोन्ही नाणी, नवी चिठ्ठी, भिंग, सगळं घेऊन. बाईंनी बसायला सांगितलं, चिठ्ठी वाचली, चष्मा काढून पुसला. शाळेत उत्तरं चोरून लिहिणाऱ्या मुलीकडे बघावं तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"माझी नाणी महिनाभर तुमच्या कपाटात होती," त्या म्हणाल्या. "ही माझीच कशावरून?"

पाकिटं बदलली होती, यादी नवऱ्याच्या हातची. कुणीही तिचं ऐकून मान डोलावली नसती. तिनं बाईंना खिडकीशी यायची विनंती केली, नाणं कडेनं धरून त्यांच्या डोळ्यांपुढे तिरकं केलं आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. बाई बघत राहिल्या. त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडला. त्यांना रेषा दिसल्या होत्या, एवढं धाकटीला कळलं. त्या रेषा कुणाच्या हातच्या, हे बाईंना ठाऊक होतं का, हे मात्र तिला कधीच कळलं नाही. बाईंनी नाणी ठेवून घेतली, भिंग परत केलं, तिला दारापर्यंत पोचवलं आणि पुन्हा एकही पाकीट पाठवलं नाही.

घरी आल्यावर तिनं हे सासऱ्यांना जसंच्या तसं सांगितलं. बऱ्याच दिवसांनी ते हसले. म्हणाले, नाणं बदललंस का, हे मलाही लोकांनी विचारलंय, आणि तेही एकदा नाही. आता तुलाही विचारायला लागले. मग त्यांनी टेबलाचा खण उघडला, आपल्या सहीच्या उरलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा बाहेर काढला आणि तो फाडायला तिच्या हातात दिला. नव्या चिठ्ठ्यांवर कोणती सही घालायची ते तिनं त्याच दुपारी, जुन्या हिशेबाच्या कागदावर, वीस-पंचवीस वेळा गिरवून ठरवलं.