भुताची चार मिनिटं

मी एका भुताच्या सिनेमाची जुनी प्रत आहे. बंद पडलेल्या थिएटरच्या वरच्या खोलीत, पत्र्याच्या गोल डब्यांत पडून असते. मित्रांनो, आपली बरी-वाईट बाजू आपणच सांगितलेली बरी.

माझा बराचसा भाग जोरदार होता. रिकाम्या घरात खुर्ची आपोआप सरकायची. बंद खोलीतून कुणीतरी खोकायचं. कोण, ते दिसायचं नाही. तेवढ्यानं माणसं पाय वर घेऊन बसायची. माझं दुखणं शेवटाला होतं. तिथे भूत समोर यायचं. चुन्यासारखं तोंड, रबराची नखं, त्यातलं एक लोंबतं. सगळं थिएटर खो-खो हसायचं आणि कमावलेली भीती मातीत जायची.

मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरचा माझ्यावर जीव. लोक हसले की त्याला स्वतःच्या लेकराला हसल्यासारखं लागायचं. एका सकाळी त्यानं कात्री घेतली, भुताची चार मिनिटं कापली आणि टोकं जोडली. आता त्या बंद खोलीचं दार हळूच उघडायचं आणि सिनेमा संपायचा. माणसं गप्प होऊन बाहेर पडू लागली. खोटं कशाला बोलू, मीही फुशारले.

पुढच्या आठवड्यात दुपारचा खेळ सुटल्यावर एक बाई लेकीचा हात धरून वर आली.

"दादा, शेवटचं भूत आलंच नाही."

"काढलं, ताई. उगाच हसं व्हायचं. आता हसलं का कुणी?"

"नाही. सिनेमा चांगला झालाय." तिनं लेकीला पुढे घेतलं. "ते भूत मी होते. पुन्हा कुठे काम मिळालं नाही. हिला दाखवायला आणलं होतं."

ऑपरेटरचं तोंड उतरलं.

"तो तुकडा असेल ना?"

"कचऱ्यात गेला, ताई."

"मग दुसरी प्रत?"

"ही शेवटचीच."

जिन्यावर लेकीनं विचारलं, "आई, तू खरंच होतीस सिनेमात?"

"होते गं. लोक पोट धरून हसायचे."

लेकीनं वळून खोलीकडे पाहिलं. तिला ते पटलं नसावं.

मित्रांनो, आता माझे थर एकमेकांना चिकटलेत, आंबूस वास येतो. मला मशीनवर कुणी चढवणार नाही. तुम्ही कुणाचं फसलेलं काम काढाल, तेव्हा ते कुणाचं आहे एवढं आधी विचारा, आणि काढलेलं जपून ठेवा. मला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्या बाईबद्दल सांगायला मी आहे. दाखवायला माझ्याकडे काहीच नाही.