पाण्याची खूण

धर्माजीने उजवा हात गिरणीच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला टेकवला आणि म्हणाला, "इथवर."

रुचिताने टेप लावली, वाकून आकडा वाचला, वहीत लिहिला आणि हाताच्या जागी खडूने आडवी रेघ ओढली.

"नक्की ना, काका?"

"इथवरच," धर्माजी म्हणाला आणि त्याने हात विजारीला पुसला. भिंत तर कोरडी होती.

दहिवलीला नदीकाठची ही भाताची गिरणी दोन हजार पाचच्या महापुरानंतर बंद पडली, ती पडलीच. पत्रे गंजून गळाले, आवारात रान माजलं. आता तिथे नवी वस्ती व्हायची होती. मागे घरं, मध्ये दवाखाना आणि वाचनालय, काठाने फिरायला वाट, आणि वाटेला लागून गाळ्यांची एक रांग, तिच्या टोकाला बालवाडी. गिरणीची इमारत मात्र पाडायची नाही, तिच्यात आठवड्याचा बाजार भरवायचा, हा रुचिताचा हट्ट होता. आराखडा तिचाच होता. पुराची सरकारी नोंद वरच्या पुलापाशी घेतलेली, गिरणीजवळची कुठे मिळेना. म्हणून ती जुन्या कामगारांना शोधत होती. बरेच वारले होते, जे होते त्यांना नीट आठवत नव्हतं. धर्माजी गिरणीचा फिटर, त्याच्यावर तिचा भरवसा होता. पाणी कमरेच्या वर गेलं असेल तर काठाची रांग बांधता येणार नाही, हे तिने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

त्याच रांगेतला तीन नंबरचा गाळा जुन्या कामगारांच्या सोडतीत धर्माजीला लागला होता.

खरं तर तो त्याच्या बायकोचा, चंद्रभागेचा गाळा. गिरणी बंद झाल्यापासून ती सकाळच्या टेंपोने कुंभिवलीला जायची आणि हायवेच्या कडेला, कारखान्याच्या फाटकासमोर तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं विकायची. डोक्यावर चार काठ्यांना बांधलेलं प्लास्टिक. ट्रक गेला की धूळ ताटात येऊ नये म्हणून ती पदर पातेल्यावर धरायची. धर्माजीने हे एकदाच पाहिलं होतं. घरी आल्यावर तो दोन दिवस कुणाशी धड बोलला नव्हता.

तो घरी पोचला तेव्हा चंद्रभागेने अंगणात चार खुंट्या ठोकून सुतळी ताणली होती. गाळा एवढा असणार. आत विटा मांडून तिने शेगडीची जागा ठरवली होती, पाण्याचा पिंप कुठे ते ठरवलं होतं, आणि नदीच्या बाजूला एक बाकडं. जेवणाऱ्याला नदी दिसली पाहिजे, असं तिचं म्हणणं.

बाईंनी कशाला बोलावलं होतं, असं तिने विचारलं. धर्माजीने सांगितलं.

"मग किती दाखवलंत?"

त्याने कमरेला हात लावला.

सुतळीच्या चौकटीत उभी राहून चंद्रभागा त्याच्या हाताकडे बघत राहिली.

महापुराच्या दिवशी दोघंही गिरणीत होती. ती पोती शिवायला बसली होती, तो इंजिनापाशी. पाणी दारातून आलं आणि मग दार दिसेनासंच झालं. धर्माजी इंजिनाच्या दगडी चौथऱ्यावर चढला, तिला खांद्यावर घेतलं आणि वरून लोंबणारी चेनकप्पीची साखळी दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. चौथऱ्यावर उभं असूनही पाणी त्याच्या हनुवटीला लागत होतं. पाणी उतरायला लागेपर्यंत दोघं तशीच. तो एकदाच बोलला होता, पाय दुखतात का म्हणून. तेही तिला विचारत होता, तिचे पाय दुखतात का.

चंद्रभागेने एकेक खुंटी उपटली आणि सुतळी कोपरावर गुंडाळायला घेतली. धर्माजी मोरीवर जाऊन बराच वेळ पाय धूत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली ती रिकाम्या हातांनी. टेंपोच्या थांब्याकडे न वळता ती सरळ नदीकडे चालू लागली. धर्माजी चपला शोधून मागून गेला. तिला हाक मारावी असं त्याला दोनदा वाटलं.

रुचिता गिरणीतच होती. चंद्रभागेने आपण कोण ते सांगितलं आणि भिंतीवरची खडूची रेघ पाहिली. मग कमरेच्या पिशवीतून पोती शिवायचा दाभण काढला. रेघेच्या वर दोन विटांमधल्या भेगेत तो खुपसला आणि फिरवला. काळपट भुसा खाली पडला. तिने तो तळहातावर घेऊन रुचितापुढे धरला.

"तूस हाय हे, भाताचं. पाण्यावर तरंगत व्हतं. पाणी गेलं तिथं तिथं फटीत बसलं."

ती वर वर टोकरत गेली. छातीच्या उंचीला तूस निघालं, डोक्याच्या उंचीला निघालं. मग तिने एक घमेलं पालथं घातलं आणि त्यावर चढली. ती घसरू नये म्हणून धर्माजीने पुढे होऊन घमेलं दोन्ही हातांनी दाबून धरलं. तिच्या डोक्यावर हातभर उंचीपर्यंत तूस मिळालं. त्याच्या वरच्या फटीतून नुसता चुना पडला.

रुचिताने स्वतः चार ठिकाणी टोकरून पाहिलं. सगळीकडे तेच. तिने नवी रेघ ओढली आणि वही मिटली.

"मावशी, मग काठाची रांग जाणार. तुमचा गाळासुद्धा. मागच्या बाजूला दुसऱ्या टप्प्यात देता येईल, पण तो कधी होईल हे मी आज सांगू शकत नाही."

"त्या रांगेत बालवाडी पण हाय ना?"

"हो. शेवटच्या दोन गाळ्यांत."

"मग झालं तर," चंद्रभागा म्हणाली आणि खाली उतरली.

रुचिता धर्माजीकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण ती विचारणारच होती. "काका, तुम्ही काल कमरेएवढं म्हणालात."

धर्माजी घमेल्यापाशीच बसून होता. त्याने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी चंद्रभागा बोलली.

"त्यांना काय ठाव असणार? त्या दिशी ते नव्हतेच गिरणीत. कर्जतला इंजिनाचा पट्टा आणायला गेले व्हते. त्यांनी ऐकलेलं सांगितलं. मी व्हते इथं, एकटीच."

रुचिताने मान हलवली आणि वहीतल्या आदल्या दिवसाच्या आकड्यावर काट मारली.

दोघं बाहेर पडली. पुलाच्या मध्यावर धर्माजी थांबला आणि कठड्याला धरून उभा राहिला. खाली नदी उन्हाळ्यातली, दगडांमधून वाट काढत चालली होती.

"मी नव्हतो काय गं तिथं?"

चंद्रभागा दोन पावलं पुढे गेली होती. ती परत आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. त्याच्या सदऱ्याच्या खांद्यावर भिंतीचा चुना लागला होता, तो तिने पदराने झटकला. चुना गेल्यावरही तिचा हात थोडा वेळ तिथेच होता.

"व्हता की," ती म्हणाली. "पण ते तिला कशाला सांगायचं?"