अगं म्हणणारी पेटी

“अहो, हा कोण परका माणूस मला अगं म्हणतोय?”

आई पलंगावरून उठली आणि भिंत चाचपत स्वयंपाकघराकडे निघाली. तिथल्या टेबलावर मुलानं आणून ठेवलेल्या नव्याकोऱ्या बोलक्या पेटीनं पुन्हा एकदा गुळगुळीत आवाजात ‘अगं’ म्हटलं. बाबांनी ती बंद केली आणि मुलाकडे असं पाहिलं, की शेजारच्या घरातून येऊन बसलेल्या माझा चहा निवला.

बाबा म्हणजे बाजारातले लिलाववाले. उभा जन्म बोली पुकारण्यात गेला आणि घशाच्या ऑपरेशनात बोलीच गेली. काय आवाज होता, सांगू? एकदा सहज सराव म्हणून त्यांनी एका मोडक्या खुर्चीची बोली पुकारली, तर पलीकडच्या गल्लीतला न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी टाकून धावत आला आणि खुर्ची घेऊन गेला. घरी गेल्यावर त्याला कळलं, खुर्ची त्याच्याच दुकानातली होती.

ऑपरेशनच्या आधी मुलानं तो आवाज एका पेटीत भरून घेतला होता. आईची दृष्टी त्याआधीच गेलेली. यांना बोलता येत नाही, तिला दिसत नाही. पाटीवर लिहून दाखवायचं कुणाला? बटण दाबलं की पेटी बाबांच्या आवाजात ‘अगं’ म्हणायची आणि आई ‘काय हो’ म्हणायची. संसार चालू होता. मग एका दुपारी विजेचा झटका बसून पेटीतला प्रोग्राम उडाला. आवाज आतच शाबूत होता, पण कुलूपबंद. तो फक्त त्याच जुन्या चिपला उघडता येणार, आणि पेटी बनवणाऱ्या कंपनीचं दुकान केव्हाच उठलेलं.

मुलगा मात्र याच धंद्यातला. त्याच्या कामातल्या हत्यारांच्या संचाला टूलचेन म्हणतात, म्हणून मी त्याला साखळीवाला म्हणतो. आपल्या घरी बसून परगावच्या माणसाच्या मापाचे कपडे शिवणारा शिंपी असतो ना, तसा हा क्रॉस कंपायलर. चालतो आपल्या मशीनवर, प्रोग्राम शिवतो त्या चिपसाठी. फक्त इथं कपड्यांच्या आधी शिंपीच जुन्या कोडमधून घडवायचा होता.

“काका, तो घडतच नाही,” साखळीवाला येरझारा घालत मला म्हणाला. त्या दिवसांत त्यानं फिरून फिरून फरशीवरची नक्षी पुसून टाकली. खोटं वाटत असेल तर घरमालकाला विचारा.

“दुसऱ्या लिनक्सवर बघ ना.”

“सगळ्यांवर बघितलं. माझ्या मशीनवरचा कंपायलर नवा आहे. जुन्या कोडमधली बारीकशी खोटसुद्धा त्याला गुन्हा वाटते. बायकोच्या लॅपटॉपवर दुसरं लिनक्स, तिथं हवी ती लायब्ररी भलत्याच फोल्डरमध्ये. ऑफिसात तिसरं, तिथं हुकूम घेणारा शेलच वेगळा.”

“म्हणजे सख्ख्या भावांची घरं. नाकं सारखी, पण मिठाचा डबा प्रत्येकाकडे वेगळ्या फळीवर.”

“मिठाचे डबे सापडले हो सगळे. तरी पुढे जाऊन तिन्ही मशीनं एकाच जागी मरतात.”

आतून आईचा आवाज आला, “आहात का?”

टक्. बाबांच्या हातात लिलावाची लाकडी हातोडी होती. पेटी बंद पडल्यापासून ती त्यांच्या खिशातच असायची. एक ठोका म्हणजे आहे.

“मग असं लपल्यासारखं काय बसता?” आई म्हणाली आणि चालता चालता स्टुलाला अडखळली. सुनेनं तिला सावरलं. साखळीवाला जागच्या जागी थांबला. त्याचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी पंख्याकडे बघत बसलो.

सासूला बसवून सून लॅपटॉपपाशी आली. ती नर्स, लाल अक्षरं दिसली की तिला वाचल्याशिवाय राहवत नाही.

“‘बाबांचा’ सापडत नाही, असं म्हणतंय. बाबांचा काय?”

“ते फोल्डरचं नाव आहे. ‘बाबांचा आवाज’.”

“पण हे तर नुसतं ‘बाबांचा’च शोधतंय. खालच्या ओळीत म्हणतंय, ‘आवाज’ सापडत नाही.”

साखळीवाल्यानं कपाळावर हात मारला. दोन शब्दांत मोकळी जागा सोडून शुद्ध मराठी लिहायची खोड. मशीनला ते एक नाव वाटलंच नाही. बाबांचा एकीकडे, आवाज दुसरीकडे. आणि तेच फोल्डर हा गडी तिन्ही मशीनांवर लाडानं उचलून नेत होता.

“आल्या-गेल्याला मी सांगतो, फोल्डरच्या नावात जागा सोडू नका म्हणून,” तो पुटपुटला.

“आमच्याकडे डॉक्टरच पथ्य मोडतात,” सून म्हणाली.

त्यानं मधली जागा काढून टाकली. लॅपटॉपचा पंखा इतका घुमला, की जिन्यातलं मांजर बिऱ्हाड हलवून गेलं. ऊन भिंतीवरून उतरायच्या आत शिंपी घडला, शिंप्यानं प्रोग्राम शिवला. साखळीवाल्यानं जुनी पेटी जोडून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. बटण त्यानंच दाबलं.

“अगं.”

तो आवाज. न्हाव्याला पळवणारा, पण त्याची कड खाली मुडपलेली, फक्त घरात वापरायची.

आईच्या हातातला नॅपकिन खाली पडला. ती खिडकीकडे वळली, दोन्ही हात पुढे करून कट्ट्यापर्यंत गेली. बोटांना पेटी लागली. तिनं तिच्या कडांवरून हात फिरवला, मग आजूबाजूची हवा चाचपली. साखळीवाल्यानं पुन्हा बटण दाबलं.

“अगं.”

“आवाज अगदी तसाच आहे रे,” ती म्हणाली. “जराही म्हातारा झाला नाही.” मग तिनं विचारलं, “पण हे कुठे आहेत?”

बाबा दारात उभे होते. त्यांनी खिशातून हातोडी काढली आणि चौकटीवर हलकेच मारली.

टक्.

आईनं खिडकीकडे पाठ केली. “काय हो,” म्हणाली, आणि न अडखळता दाराकडे चालत गेली.