तिसरा इशारा

ती रेडिओवर हवामान सांगायची आणि घरात तिच्या कामाची थट्टा रोजचीच होती. त्या महिन्यात दोनदा तिने मुसळधार पावसाचा इशारा वाचला होता, पण दोन्ही वेळा गल्लीतली धूळसुद्धा भिजली नाही. "आमच्या सूनबाई ढगांना हाका मारतात, ढग काही ओ देत नाहीत," सासूबाई शेजारणीला सांगायच्या. तीही हसायची. करणार काय?

त्या संध्याकाळी नवा इशारा हातात पडला तेव्हा मात्र तिने तो दोनदा वाचला. रात्रभर विजांसह वादळी पाऊस, ओढ्यांना अचानक पूर येण्याचा धोका. बातम्या संपताच तिने नवऱ्याला फोन लावला. तो सुतार होता. ओढ्याकाठच्या एका इमारतीच्या तळघरात त्याचं काम चालायचं. शेजारच्या गाळ्यात चपला-बूट दुरुस्त करणारे एक म्हातारे होते. सगळे त्यांना बूटमामा म्हणत. काम अंगावर आलं की दोघंही तिथेच पथारी टाकत.

"अहो, आज तिथे झोपू नका. मामांनाही वर काढा."

"कपाटाला पॉलिश चालू आहे गं. एवढा एक हात मारतो नि निघतो."

"नक्की?"

"नक्की. रेडिओ चालूच आहे, तू ओरडतेच आहेस."

जेवणवेळ उलटली तशी पहिली वीज कडाडली आणि मग आभाळच फाटलं. तिची पाळी संपली होती, पण पुढचा निवेदक पोहोचूच शकला नाही. ती पुन्हा पुन्हा माइकसमोर बसून सांगत राहिली : तळघरं रिकामी करा, ओढ्याकडे जाऊ नका, पुलावर पाणी असेल तर ओलांडू नका. मध्ये वेळ मिळाला की नवऱ्याला फोन लावायची. लागत नव्हता. फोन बाजूला ठेवून ती पुढचं वाचायची.

उजाडताना तो स्वतःच रेडिओ केंद्राच्या दारात येऊन उभा राहिला. कमरेपर्यंत चिखल, पायात एकच चप्पल. तिने त्याचा दंड धरला.

"मामा कुठायत?"

तो पायरीवर बसला. "पाऊस वाढला तसं मी त्यांचं दार वाजवलं. आतूनच म्हणाले, 'तुझ्या बायकोचा पाऊस ना? परवाही येणार होता की!' आणि मी हसलो गं. 'या मागून' म्हणालो नि वर आलो. रस्त्यावर पोचतो न पोचतो तोच ओढ्याची भिंत गेली. मागे वळलो तर जिना दिसेना. नुसतं पाणी."

दुपारी पाणी उपसल्यावर मामा दारापाशीच सापडले. कडी काढलेली होती. बाहेरून पाण्याचा रेटा होता, दार उघडलंच नव्हतं.

मामांच्या पत्नी, मामी, ओढ्याच्या खालच्या अंगाला एका खोलीत राहायच्या. ती त्यांना भेटायला गेली तेव्हा मामी सुपलीने चिखल काढत होत्या. पलंगाच्या पायांना गुडघाभर उंचीवर पाण्याची रेघ उमटली होती.

"ये. बस म्हणायला कोरडी जागा नाही," मामी म्हणाल्या. पुन्हा चिखल भरता भरता म्हणाल्या, "पलंगावर बसून तुझंच ऐकत होते रात्रभर. वाटलं, तेही ऐकत असतील."

"मी आणखी जोरात सांगायला हवं होतं, मामी."

"जोरात सांगून ऐकणारा माणूस नव्हता तो." सुपली भिंतीला टेकवून मामी दारात आल्या. आभाळ पुन्हा काळंभोर होत होतं. "आज रात्रीही आहे का?"

"हो."

"कालच्याएवढा?"

तिला खोटं बोलवेना. "जास्तच, कदाचित."

मामींनी दोन लुगडी आणि गोळ्यांची डबी पिशवीत टाकली. चिखलाने दार नीट लागेना, तेव्हा दोघींनी मिळून ते ओढलं. मग मामींनी तिचा हात धरला आणि टपोरे थेंब पडायला लागले तशा दोघी चढ चढू लागल्या.