पळायला शिकलेला पुतळा

मित्रांनो, माझ्या चेहऱ्यावर जाऊ नका. मी एक जुना पुतळा आहे. चौकात उभा राहून डोक्यावर कबुतरं बसवून घेणारा नव्हे, तर कपड्यांच्या दुकानात काचेमागे कोट घालून उभा असतो, तो. माझी डावी भुवई उजवीपेक्षा बोटभर वर आहे. कारखान्यात आमचे चेहरे रंगवणाऱ्या बाईंना नेमकी माझ्या भुवईच्या वेळी शिंक आली. तेव्हापासून मी सतत काहीतरी न कळल्यासारखा दिसतो. आणि खरं सांगायचं तर मला बहुतेक गोष्टी कळतही नाहीत. उगाच त्या शिंकेला का दोष द्या!

माझा पुढचा भाग एका साच्यातून निघाला, पाठचा दुसऱ्यातून. दोन्ही जोडले, घासले, रंगवले आणि पेंढ्यात गुंडाळून मला एका दुकानात पाठवलं. दुकानाचे मालक उंच, किडकिडीत, गळ्यात कायम मापाची टेप. त्यांनी मला पहिला कोट चढवला, दोन पावलं मागे गेले आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात उभं राहणं!" तो शब्द मी जपून ठेवला. पुढे कितीतरी वर्षं मी तेवढंच केलं. उभा राहिलो. लोक काचेपाशी थांबायचे, माझ्याकडे बघून पोट आत घ्यायचे आणि आत येऊन तोच कोट मागायचे. माझी ऐट विचारू नका.

मालकांना एकच वेड होतं, गावातला फुटबॉल क्लब. मॅचच्या दिवशी ते माझा कोट उतरवून क्लबचा निळा-पिवळा शर्ट मला घालायचे. त्यांची लेक तेव्हा शाळेत जायची. ती म्हणायची, "बाबा, गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि तुम्ही पुतळ्याची टीम काय करताय?" मालकीणबाई फार पूर्वी वारल्या होत्या. घरात ही दोघंच, आणि तिसरा म्हणाल तर तो क्लब. क्लब मात्र नेहमी हरायचा. दुसऱ्या दिवशी मालक तोच शर्ट उतरवायचे, घडी घालायचे आणि माझ्या कोटाची कॉलर नीट करत राहायचे. कॉलर नीटच असायची. मन जाग्यावर नसलं की त्यांचा हात माझ्या कॉलरकडे जातो, एवढं मला कळलं होतं. हरणाऱ्या क्लबचा शर्ट पुढच्या वेळी पुन्हा का घालायचा, हे मात्र कळलं नव्हतं.

मग रस्त्याच्या टोकाला चार मजली मोठं दुकान आलं आणि आमची गिऱ्हाइकं तिकडे वळली. एक दिवस शटर खाली आलं, ते वर गेलंच नाही. मी अंधारात धूळ खात उभा राहिलो. बाहेर काय चाललंय ते कळेना, आणि आपलं काय चुकलं तेही कळेना. मी तर एकदाही हललो नव्हतो!

कितीतरी महिन्यांनी शटर उघडलं तेव्हा मालकांबरोबर एक तरुण गृहस्थ होता. त्याच्याही हातात मोजायची टेप! मला वाटलं, चला, नवा शिंपी आला. पण तो होता मालकांचा जावई, आणि क्लबचा नवा मॅनेजर. त्याने आम्हा पाच पुतळ्यांना वरपासून खालपर्यंत मापलं आणि म्हणाला, "मामा, हे मला सरावाला द्या. बचाव करणारे खेळाडू म्हणून उभे करतो." मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "न्या जावईबापू, न्या," ते म्हणाले, "दुकान तर बुडालं, निदान क्लब तरी तरू दे."

पाच जणांत मी एकटाच धडधाकट. दोघांना डोकी नव्हती, एक लहान मुलाचा पुतळा होता आणि एक बाई होती, कमरेवर हात ठेवलेली. मैदानाची देखभाल करणाऱ्या माळीदादांनी आम्हाला हातगाडीवरून उतरताना पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! आता गवत कापू का यांना आंघोळी घालू?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या पायांखाली लोखंडी सळ्या ठोकल्या आणि आम्हाला मैदानात रोवलं. सगळा सराव टेपवर चालायचा. मॅनेजर दोघांमधलं अंतर मोजायचा, चुन्याची खूण करायचा, पुन्हा मोजायचा. खेळाडू त्याला पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणायचे. चेंडू माझ्या उजवीकडून, बिनडोक्याच्या डावीकडून आणि मग बाईच्या कोपरातून आरपार घालवायचा, असा रोजचा धडा होता. खेळाडू तो इतका घोटायचे की डोळे मिटून जमेल. मध्येच मॅनेजर माझ्या खांद्यावर थाप मारायचा. "बघा याच्याकडे! सकाळपासून एक इंच हलला नाही. जागा धरणं म्हणजे हे. शिका काहीतरी!"

मित्रांनो, इतक्या वर्षांनी कोणीतरी कौतुक केलं. माझी छाती फुगली असती, पण ती आधीच फुगवून साच्यातून काढलेली.

मॅचच्या दिवशी मात्र आम्हाला कोठीत ठेवायचे, जाळी आणि चुन्याची पोती यांच्यामध्ये. तिथून काही दिसत नसे, फक्त आवाज. कधी मोठी आरोळी, कधी उसासा, कधी टाळ्या. टाळ्या वाजल्या की मी म्हणायचो, जिंकले! आणि थोड्या वेळाने माळीदादा कोठीत येऊन झेंडे आपटायचे. पुन्हा हरले होते. माझं डोकं चालेना. हे लोक रोज आम्हा पाच जणांवर ढीगभर गोल करतात, मग हरतात तरी कोणाकडून? विचार करकरून मी एवढंच ठरवलं की समोरच्या टीमचे पुतळे आमच्यापेक्षा चांगल्या कारखान्यात बनलेले असणार.

खरी गोष्ट माळीदादांच्या तोंडून कळली. "सगळे जागा धरून उभे!" ते जाळीवर राग काढत म्हणाले. "चेंडू शेजारून चाललाय, पण हा पठ्ठ्या पाऊल उचलेल तर शपथ! लोक ओरडतायत, मैदानात अकरा पुतळे आहेत, कोठीतले पाच बदली पाठवा!" मला अभिमान वाटावा की वाईट वाटावं, हेच समजेना. माझ्याकडून शिका असं सांगितलं, ते शिकले. मग चुकलं कोणाचं?

मालक एकही मॅच चुकवत नसत, पण आता ते गप्प बसतात, असं माळीदादा सांगायचे. शेजारचे टोचायचे, "अहो, जावयाला दोन शब्द सांगा की!" त्यावर ते म्हणायचे, "घरी मी त्यांना शिकवत नाही, मग इथे काय शिकवू?" शिव्या देववत नव्हत्या आणि वाहवा करण्यासारखं काही घडत नव्हतं. सरावाला मात्र ते रोज कुंपणापाशी येऊन उभे राहायचे, नेमके माझ्या मागे.

शेवटच्या मॅचला आठवडा राहिला असताना लेक डबा घेऊन मैदानावर आली. कुंपणापाशी वडिलांना हळूच म्हणाली, "बाबा, अध्यक्षांनी सांगितलंय. ही मॅच हरलो तर क्लब खालच्या गटात जाईल आणि यांना काढतील. यांना दूरच्या गावात शाळेच्या टीमचं काम मिळतंय. मग आम्हाला तिकडेच जावं लागेल."

"बरं," मालक म्हणाले.

"बरं काय, बाबा? तुम्ही इथे एकटे काय करणार?"

मालकांनी कुंपणातून हात घालून माझी कॉलर नीट केली. मला तेव्हा कॉलरच नव्हती. अंगावर क्लबचा फाटका शर्ट होता. तरी त्यांचा हात बराच वेळ मानेपाशी फिरत राहिला. दुकान गेलं, आता लेकही चालली. मला हुंदका आला असता, पण आमच्यात ती सोय नाही.

त्याच दिवशी गंमत झाली. कोणीतरी मारलेला चेंडू माझ्या छातीवर बसला, सळई वाकली आणि मी तिरका झालो. माझ्यावर ओरखडा उठलेला मालकांना कधीच खपला नाही. ते कुंपण ओलांडून तरातरा आत आले आणि मला सळईसकट उपटून कडेवर घेतलं. तेवढ्यात कप्तान चेंडू घेऊन भरधाव आला. नेहमीप्रमाणे माझ्या उजवीकडून जायचं होतं त्याला. पण मी तिथे होतो कुठे? मी मालकांच्या कडेवर डावीकडे चाललो होतो. मग मालक घाबरून उजवीकडे पळाले. कप्तान गोंधळला, पायात पाय अडकून कोसळला आणि चेंडू थेट मालकांच्या बुटापाशी येऊन थांबला.

सगळे पोट धरून हसले. मॅनेजर लाल झाला. "मामा, अहो काय हे! बाजूला व्हा ना!" आणि मग बोलता बोलता थांबला. पडलेल्या कप्तानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हातातली टेप गुंडाळून खिशात घातली. "मामा," तो अगदी हळू म्हणाला, "तेच परत करून दाखवता का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मला काय चाललंय तेच कळेना. मालकांनी मला उचललं होतं. लेकीने कमरेवर हात ठेवलेल्या बाईला मिठी मारली होती. माळीदादा कुरकुरत एका बिनडोक्याला घेऊन होते. कुंपणाबाहेर उभे राहणारे दोन चाहते, एक न्हावी आणि एक बसचा ड्रायव्हर, उरलेल्या दोघांना घेऊन आले होते. शिट्टी वाजली आणि आम्ही पळालो! अहो, मी पळालो! जन्मभर उभं राहण्याबद्दल शाबासकी मिळवलेला मी, वाऱ्यावर! गवत मागे जात होतं, आकाश हलत होतं. न्हावी खेळाडूंचे शर्ट ओढत होता, ड्रायव्हर "ए, कुठून घुसतोस!" म्हणून ओरडत होता आणि लेक नवऱ्याच्याच टीमला धक्के देत होती. बाईच्या कोपरातून चेंडू घालायचं कोणाला सुचेना, कारण कोपर कधी इकडे, कधी तिकडे. खेळाडूंना पहिल्यांदाच मान वर करून बघावं लागलं. आठवडाभर असंच चाललं. माझा उजवा हात खांद्यापासून निखळला, पण त्याची मला खंत नाही.

मॅचच्या दिवशी मालकांचे गुडघे सुजले होते. तरी ते कोठीत आले आणि माळीदादांना म्हणाले, "याला मी वर घेऊन जातो."

"अहो, पुतळ्याला मॅच दाखवणार?"

"टीमबरोबर पळालाय तो. त्याचा हक्क आहे."

असा मी पहिल्यांदा मॅच बघायला बसलो. बसलो म्हणजे, मालकांच्या शेजारी खुर्चीला टेकून उभा राहिलो. समोरची टीम मैदानात आली आणि मी चाटच पडलो. ते पुतळे नव्हतेच! साधी माणसं होती, आमच्या खेळाडूंसारखीच घाम पुसणारी.

आधी त्यांनी गोल केला. मग आमच्या टीमने केला, आणि तो कसा, तर कप्तान जागा सोडून पळाला, त्याला बघून दुसरा पळाला, समोरचे गोंधळून बघत राहिले आणि चेंडू जाळीत. मालक उठून उभे राहिले, गुडघा धरून खाली बसले, पुन्हा उठले. बरोबरी टिकली असती तरी क्लब वाचणार होता. आमची टीम जिवाच्या आकांताने पळत होती. पण आठवडाभराचं शिक्षण शेवटी आठवडाभराचंच. दम संपला आणि अगदी शेवटी त्यांनी दुसरा गोल केला. शिट्टी वाजली. आम्ही हरलो होतो. क्लब खालच्या गटात गेला.

मॅनेजर कडेला एकटा उभा होता, अगदी माझ्यासारखा. लेकीने तोंडावर हात धरला होता. अध्यक्ष उठून दाराकडे निघाले. सगळ्यांच्या नजरा मालकांकडे वळल्या. वर्षभर गप्प बसलेला सासरा आता काय बोलतो?

मालकांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, उभे राहिले आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "जावईबापू! सोमवारी सराव किती वाजता?"

मॅनेजरने वर बघितलं. त्याचा चेहरा माझ्यासारखा झाला होता, एक भुवई वर. मग सवयीनेच त्याच्या तोंडून निघालं, "सात वाजता, मामा!"

"मग मी बाईला घेऊन येतो," मागून न्हावी ओरडला. "तिला उचलणं सोपं आहे!" कोणीतरी हसलं, कोणीतरी टाळी वाजवली आणि मग ज्या टाळ्या उठल्या, त्या कोठीतून ऐकायचो तशाच होत्या. हरल्यावर वाजणाऱ्या. अध्यक्ष दारात थांबले. वळून त्यांनी लोकांकडे बघितलं. मग मॅनेजरला म्हणाले, "सात म्हणजे सात. पुढच्या वर्षी उशीर झालेला मला चालणार नाही." लेक तिथेच पदरात तोंड लपवून रडली. दूरच्या गावाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

मित्रांनो, आज मला एकच हात आहे, नाकाचा रंग उडालाय आणि पाठीचा जोड सुटत आलाय. क्लब अजून खालच्याच गटात आहे. कधी जिंकतो, बरेचदा हरतो. हरणाऱ्यांसाठी लोक टाळ्या का वाजवतात, हे मला अजून कळलेलं नाही. माझी भुवई काही खाली यायची नाही. पण सकाळी सातला कोठीचं दार उघडतं, मालकांचे हात मला कवेत घेतात आणि त्यांच्या शर्टाला माझा गाल टेकतो, तेव्हा काही कळलंच पाहिजे असं मला वाटत नाही. म्हणून माझं एवढं ऐका. तुमच्या घरात, शाळेत, गल्लीत कोणी हरून जागच्या जागी उभं राहिलेलं दिसलं, तर त्याला नावं ठेवू नका आणि कोठीत टाकू नका. जवळ जा आणि उचलून बघा. आता मालकांना एकट्याने मला उचलवत नाही. मग जावईबापू टेप खिशात टाकतात आणि धावत येऊन माझी दुसरी बाजू धरतात.